प्राध्यापिकेपासून प्राचार्यपदापर्यंत: गोव्यात वाट कशी आखावी

प्राचार्यपदाची जाहिरात आली की अर्जाला जेमतेम काही आठवडे मिळतात. तयारी मात्र पंधरा वर्षांची लागते, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांनुसार अध्यापन किंवा संशोधनाचा एकूण तेवढा अनुभव, पीएचडी, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हा हुद्दा, किमान 10 शोधनिबंध आणि 110 संशोधन गुण हवे असतात. त्यामुळे सुरुवात नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच करावी.

पायरी 1: आत शिरणे. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, शिवाय नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी. महाराष्ट्र आणि गोवा यांची सेट एकच, ती पुणे विद्यापीठ घेतं. साखळी, केपे, खांडोळा अशा सरकारी कॉलेजांतली भरती गोवा लोकसेवा आयोगामार्फत होते. अनुदानित कॉलेजांची जाहिरात त्यांची संस्था देते. आयोगाच्या जाहिरातीत बहुधा 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, कोकणी आवश्यक आणि मराठी असल्यास उत्तम असंही लिहिलेलं असतं. सावंतवाडी-कुडाळकडून लग्न होऊन आलेल्यांनी हा दाखला आधी बघावा, नेटचा अभ्यास मग.

पायरी 2: पीएचडी लवकर उरका. पीएचडी असेल तर पहिली बढती 4 वर्षांनी, नसेल तर 6 वर्षांनी (एमफिल असेल तर 5). 2022च्या नियमांत पीएचडीला 6 वर्षं आहेत, पुनर्नोंदणी केली तर आणखी 2. स्त्रियांना त्याहून 2 जास्त मिळू शकतात. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. ती हक्काने मागा, मार्गदर्शकांचं तोंड बघत बसू नका.

पायरी 3: गुणांचा हिशेब. मानव्यशाखांत एका निबंधाला 10 गुण, विज्ञानात 8. म्हणजे मराठी किंवा इतिहासवाल्या बाईंनी दहा निबंध एकटीने लिहिले तरी मूळ गुण 100च होतात; नियतकालिकाच्या दर्जानुसार त्यात वाढ मिळू शकते. आणखी गुण पुस्तकातून किंवा तुमच्या हाताखाली कुणी पीएचडी झाल्यावर मिळतात. दोघांनी मिळून लिहिलं तर प्रत्येकाला 70 टक्के. तिघे-चौघे असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना 30, तेव्हा नाव कितव्या जागी येणार हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवून घ्या.

पायरी 4: समिती निवडून घ्या. खरी मेख इथे आहे. स्नेहसंमेलन आलं की सूत्रसंचालन मॅडमकडे, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ मॅडमकडे, समईच्या वाती वळायच्या त्याही मॅडमनीच. कौतुक भरपूर होतं, पण मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारत नाही. तिथे विचारतात ते प्रवेश, परीक्षा, खरेदी, अनुदानाचा हिशेब आणि नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी. म्हणून परीक्षा समिती मागून घ्या, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात जा आणि संधी मिळाली तर विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावरही. खरेदीचं काम एकदा तरी अंगावर घ्याच. दरपत्रकं आणि हिशेबतपासनिसाचे आक्षेप हाताळलेल्या बाईला ‘प्रशासन जमेल का?’ असं विचारायची सोय राहत नाही.

आणि कागद! ‘मॅडम, तुम्ही जरा बघून घ्या’ या तोंडी हुकुमावर दोन वर्षं राबलात तरी फाइलीत शून्य. नेमणुकीचा आदेश लेखी मागा. त्यावर जावक क्रमांक, तारीख, मुदत, सही-शिक्का बघा आणि त्याच दिवशी एक प्रत घरी ठेवा. चवथीच्या सुट्टीत, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी उतरल्यावर, तासभर काढून वर्षाची फाइल लावा. बढतीच्या वेळी जुने आदेश कार्यालयात सापडतीलच या भरवशावर राहू नये.

पायरी 5: कॉलेजबाहेरही बघा. कुलगुरुपदाला प्राध्यापक म्हणून 10 वर्षं किंवा नामांकित संशोधन-शैक्षणिक संस्थेत प्रशासनाचा तेवढा अनुभव लागतो. डॉ. स्नेहलता देशमुख बालशल्यचिकित्सक होत्या, मुंबईच्या सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि 1995 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव घालण्याचा निर्णय त्यांच्या काळातला.

पायरी 6: अर्ज. नियम बदलत असतात. 2025च्या जानेवारीत नवा मसुदाही आला होता. जाहिरातीच्या दिवशी कोणते लागू आहेत ते बघून मगच गुण मोजा. प्राचार्यपदाची मुदत 5 वर्षं, कामगिरी पाहून आणखी एकदा मिळते. ती संपली की मूळ संस्थेत प्राध्यापक म्हणून परतता येतं. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजात रुजू होण्याआधी जुन्या जागेवरचा हक्क, म्हणजे लीन, लेखी मंजूर करून घ्या.