जुन्या हॉट हॅचला लोअरिंग स्प्रिंगा लावताय? या चुका टाळा

हॉट हॅच, म्हणजे दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक, खाली आणणाऱ्या स्प्रिंगांबद्दल प्रश्न नेहमी एकच येतो: ४० मिलिमीटरच्या घेऊ की ६० च्या? टायर आणि मडगार्डमधली फट डोळ्यांना खुपते, म्हणून गाडी किती मिलिमीटर खाली आणायची ते ठरतं. चाकाला वर यायला जागा किती उरेल, हे मात्र कुणी मोजत नाही. स्प्रिंगांची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

जितकी खाली, तितकी चांगली

या समजाने मी पाहिलेल्या सर्वांत जास्त गाड्या बिघडवल्या आहेत. गोल्फ जीटीआय मार्क २ घ्या किंवा प्यूजो २०५ जीटीआय, दोघींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब. मूळ उंचीवर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) चाकाकडे जरासा खाली उतरता असतो. गाडी खाली आणली की तो आडवा होतो आणि अजून खाली आणली की चाकाकडे वर चढू लागतो. गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते, ते रोल सेंटर या कोनावर अवलंबून असतं. आर्म उलटा झाला की रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली जातं, दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडी वळणात उलट जास्त कलू पाहते. मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंगा शोधल्या जातात.

एका मित्राची मार्क २ अशीच होती. ६० मिलिमीटरच्या स्प्रिंगा, शॉकअप मूळचेच. लांब वळणात मध्येच गाडीचं नाक एकदम बाहेर जायचं. त्याने आधी टायर बदलले, मग गाडीचं कलणं रोखणारा जाडजूड अँटीरोल बार घातला, त्याने दुखणं आणखी वाढलं. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी स्ट्रटचा रबरी बूट वर सरकवला, रॉडच्या तळाशी एक केबल टाय आवळला आणि त्याला एक फेरी मारून यायला सांगितलं. परत आला तेव्हा टाय सरकत सरकत बंप स्टॉपला, म्हणजे स्ट्रटची हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबराला, जाऊन भिडला होता. गाडी नुसती उभी असतानाही तिथे बोटभर जागा उरत नव्हती. वळणात वजन बाहेरच्या चाकावर आलं की स्ट्रट त्या रबरावर टेकायचा, पुढची बाजू क्षणात दगडासारखी कडक व्हायची आणि टायर पकड सोडायचा. आम्ही ३५ च्या स्प्रिंगा आणि आखूड शॉकअप लावले, बार मूळचाच परत घातला. तेच वळण, तेच टायर, आणि नाक जागेवर राहिलं.

म्हणून काही मागवण्याआधी टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा बदलतो. मग लोअर आर्मचा आतला बोल्ट आणि बाहेरचा बॉल जॉइंट जमिनीपासून किती उंच आहेत ते बघा. दोघांत जेवढा फरक, साधारण तेवढी गाडी खाली आली की आर्म आडवा होतो. मी त्यापुढे जात नाही.

आणि लक्षात ठेवा, पाकिटावरचे ३५ मिलिमीटर नव्या मूळ स्प्रिंगेच्या तुलनेत असतात. तुमच्या जुन्या स्प्रिंगा वयाने आधीच बसलेल्या असणार, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी दिसतो. तेवढ्यावरून लगेच ६० च्या मागवू नका.

ग्राइंडर

ग्राइंडरने स्प्रिंगेचा वेढा कापू नका. आठ कामाच्या वेढ्यांतला एक काढला की स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते, तिचं सपाट केलेलं टोक जातं आणि चाक लोंबकळलं की ती बैठकीतून सैल होते. तयार स्प्रिंगा लावल्या तरी जॅकवर चाक पूर्ण खाली सोडून स्प्रिंग हाताने हलते का, हे बघायचंच. हलत असेल तर आखूड शॉकअप हवेत. तापवून आखूड केलेल्या स्प्रिंगेची गाडी मी हातातसुद्धा घेत नाही.

बोल्ट हवेत आवळणे

घाईचं काम इथे पकडलं जातं. आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते आणि आर्म हलतो तो रबराला पीळ देऊन. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी चाकांवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. नवे बुश लवकर फाटतात ते यामुळे, आणि दोष कंपनीला दिला जातो. बोल्ट हाताने लावून ठेवा, गाडी रॅम्पवर चाकांवर घ्या, दोन-तीनदा दाबून बसू द्या आणि मगच पान्हा चालवा. अर्धा तास जास्त जातो, तो द्यायचा.

आता बाकीच्या चुका, झटपट. २०५ च्या मागे कॉइल स्प्रिंग नसतेच, टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगेचं काम करणारी सळई. उंची बदलायला तो काढून दाते सरकवून बसवावा लागतो, म्हणून मागच्या स्प्रिंगा शोधत बसू नका. डिझेल मॉडेलच्या स्प्रिंगा जड इंजिनाच्या हिशेबाने असतात, त्या पेट्रोलला नकोत. दमलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग म्हणजे उसळणारी गाडी. स्ट्रट उघडताना चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) वापरा, दबलेली स्प्रिंग हात तोडू शकते. टॉप माउंटचे (स्ट्रटच्या वरच्या बैठकीचे) बेअरिंग त्याच वेळी बदला. अलाइनमेंट स्प्रिंगा बसल्यावर करा, पहिल्याच दिवशी नाही, आणि हेडलाइटची दिशाही तेव्हाच लावा.

एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एक्सलला जोडलेला व्हॉल्व ठरवतो. मागची बाजू खाली आली की त्याला गाडी सामानाने भरलेली वाटते, तो मागे जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. तुमच्या गाडीत तो असेल तर नव्या उंचीवर जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.