एकाच ओट्यावर पोळी आणि सीलिॲकवाल्याची भाकरी

घरात एकालाच सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला बाधणारा आजार, आणि बाकी सगळे पोळी खाणारे. त्याच्या भाकरीला कणीक जराही लागून चालत नाही. नेरूळ-घणसोलीच्या वन-बीएचकेत दुसरा ओटा कुठून आणणार? मग निदान क्रम तरी बदला.

१. ओटा ओल्या फडक्याने पुसून आधी भाकरी करा, डब्यात बंद करा, मगच कणीक काढा. कणीक उडून सगळीकडे बसते, त्यामुळे उलटा क्रम चालत नाही.
२. भाकरीचा तवा, परात, उलथनं, चाळणी वेगळी. लाकडी पोळपाट-लाटणं धुऊन भागत नाही.
३. भाकरीचं सामान वरच्या फळीवर, कणकेचा डबा खाली.

खरी गोम गिरणीत आहे. गव्हावर ज्वारी दळली की ते पीठ सीलिॲकवाल्यासाठी बाद. गिरणीवाला म्हणतो, ‘आधी मूठभर ज्वारी टाकून जातं साफ करतो.’ त्यावर विसंबू नका. घरघंटी असेल तर तिच्यात गहू कधीच घालू नका. नाहीतर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं पाकीट घ्या, त्यात ग्लुटेन किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं.

आणि हिंगाची डबी वाचा. पुष्कळ हिंगांत मैदा नाहीतर कणीक असते, आणि फोडणी सगळ्यांच्या आमटीत एकच पडते.