सिनेमा नीट बनवलाय का, हे कसं ओळखायचं

मी फोली करते, म्हणजे सिनेमातले पावलांचे, वस्तूंचे आवाज नंतर वाजवून भरते. शूटिंग उरकलं की अंधाऱ्या स्टुडिओत पडद्यावरच्या माणसांबरोबर चालायचं, बांगड्या वाजवायच्या, भांडी आपटायची. त्यामुळे नातेवाइकांत कुणालाही सिनेमाबद्दल शंका आली की फोन मला. आवडला की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तो नीट बनवलाय का, हे तपासायची माझी एक रीत आहे.

पहिल्यांदा गुपचूप सलग बघा. रडायचं तर रडा, मध्ये थांबवू नका. तपासणी दुसऱ्या वेळी, घरी. मधलाच कुठलातरी प्रसंग काढा. सुरुवात नको, सुरुवातीवर सगळेच मेहनत घेतात. आवाज पूर्ण बंद करा. कोण कुणावर चिडलंय, त्या घरात कुणाचं चालतं, एवढं नुसतं बघून कळायला हवं. नाही कळलं तर सगळा भार संवादांवर टाकलाय. ड्रोनने टिपलेल्या घाटाला भुलू नका, ड्रोन आता साखरपुड्यालाही असतो.

मग उलटं. आवाज सुरू, डोळे बंद, कानाला हेडफोन. मोबाईलच्या स्पीकरवर हा उद्योग करू नका, त्यात निम्मं ऐकूच येत नाही. आधी पावलं ऐका. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय जवळपास वाजतच नाही. तळवा उचलताना किंचित चिकटून सुटल्यासारखा आवाज येतो, बस. कोल्हापुरी करकरते, स्लीपर टाचेवर फटफटते. म्हातारीचं पाऊल घासत येतं आणि तिच्या बांगड्या पावलाच्या जरा मागून वाजतात. तिथे जर सगळ्यांचीच पावलं टक टक टक वाजत असतील, तर कुणीतरी एका दिवसात काम उरकलंय. (बहुतेक वेळा निर्मात्याने दिवसच तेवढे दिलेले असतात, ते सोडा.) संवादांचंही तेच. विहिरीवरून मारलेली हाक आणि माजघरातली कुजबुज दोन्ही सारख्याच जवळून आल्या, तर ते डबिंगच्या केबिनमधून आलंय हे कान लगेच सांगतो.

पार्श्वसंगीत कधी सुरू होतं ते पकडा. नटाचे डोळे भरायच्या आधीच व्हायोलिनं सुरू झाली, तर दिग्दर्शकाचा नटावर तरी भरवसा नाही किंवा तुमच्यावर तरी. 'सैराट' (२०१६) अजून बघितला नसेल तर या परिच्छेदाचा उरलेला भाग गाळा. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, आणि शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. पोर रडतंय ते दिसतं, ऐकू येत नाही. मग रक्ताची इवली पावलं. माझ्यासारखीला त्या पावलांना आवाज द्यायचा मोह झाला असता. तो टाळायला धीर लागतो.

नागराज मंजुळे यांच्याच 'फँड्री'त (२०१३) शाळेजवळ डुक्कर पकडायची धावपळ चाललेली असते. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सिनेमाचा नायक, शाळकरी जब्या थांबतो, घरचे थांबतात, डुक्कर काही थांबत नाही. हा प्रसंग तीनदा बघा: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, एकदा सरळ. आवाज बंद केला तर माणसं का थिजली ते कळत नाही, डोळे मिटले तर निसटणारं डुक्कर हुकतं. चित्र आणि आवाज एकमेकांचीच री ओढत नाहीत, दोघांना आपापलं काम आहे. सबंध रीत शिकायला मी हा एवढाच तुकडा देते.

शेवटी, प्रसंग कुठे तोडलाय ते बघा. बरेच सिनेमे टाळीच्या वाक्यावर तोडतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) सरकारी वकीलबाई कोर्टातून सुटल्यावर कॅमेरा त्यांच्यामागे लोकलमधून घरापर्यंत, स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जातो. खटल्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या कलमं वाचायला उभ्या राहिल्या की आपण त्यांना निराळ्या नजरेने बघतो. पुढे सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे मालवतात आणि पडदा काळा. थिएटरात काही जण इथेच उठतात. तुम्ही उठू नका, सिनेमा अजून बाकी आहे.