सोलेनॉइड बदलण्याआधी वायर मोजा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तपासताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या कात्रजहून एक ऑटोमॅटिक गाडी आली. कशीही चालवली तरी तिसऱ्या गिअरमध्येच अडकायची. मालकाने दोनच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या गॅरेजमध्ये नवा सोलेनॉइड (गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बसवून घेतला होता, गिअर ऑइलचा खर्च वेगळा. कात्रज घाट चढताना पुन्हा तेच झालं. स्कॅनरवर दोषाचा कोड पी०७५३.

या कोडमध्ये शिफ्ट सोलेनॉइड 'ए'चं नाव येतं आणि लगेच नाना पेठेत पार्टसाठी फोन जातो. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पी०७५३ म्हणजे त्या सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये विजेचा दोष. सर्किटमध्ये कॉइल आली, तशी वायर, कनेक्टर आणि टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरसुद्धा आला. पी०७५१ दिसला तर गोष्ट वेगळी, तो त्याच सोलेनॉइडच्या कामाचा दोष. तिथे सोलेनॉइड अडकलाय का, तेल खराब आहे का, व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा असलेल्या भागात) कचरा आहे का, हे बघायचं. विजेच्या कोडवर तेल बदलून काही होत नाही.

कोड घाईघाईने पुसूही नका. आधी स्कॅनरवरच्या फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे दोषाच्या क्षणी साठवलेल्या नोंदीचा, फोटो काढा. दोष आला तेव्हा गाडीचा वेग आणि इंजिनचं तापमान किती होतं, ते त्यात मिळतं.

ओहम मोजताना इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं, कनेक्टर सुटा. ऑन-ऑफ सोलेनॉइड बहुतेक गाड्यांत ११ ते ३० ओहमच्या दरम्यान असतो, तेलाचा दाब सांभाळणारा प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड साधारण ३ ते ७. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. पिनपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंतही मोजा, कॉइल आत बॉडीला टेकून अर्थ (ग्राउंड) झाली असेल तर तिथे कळतं. मात्र सोलेनॉइडचं अर्थ बॉडीतूनच घेतलेलं असेल तर हे माप लागू नाही. आणि फक्त थंड गाडीवर मोजून थांबू नका. तांब्याची कॉइल २५ अंशांना १५ ओहम असेल, तर ९० अंशांना १९च्या आसपास जाते. तेवढं चालतं. तापल्यावर सर्किट एकदम ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवलं तर मात्र कॉइल गेली.

टीसीएमच्या चालू वायरवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, टीसीएमच्या आतलं सोलेनॉइड चालवणारं ड्रायव्हर सर्किट जळू शकतं. कमी ओहमच्या सोलेनॉइडला थेट १२ व्होल्टही देऊ नका.

त्या गाडीत कॉइल थंड-गरम दोन्ही वेळा ठीक होती. मग वायर अखंड असेपर्यंत बीप देणाऱ्या सेटिंगवर मीटर ठेवून तो वायरच्या दोन्ही टोकांना लावला आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर हलवत गेलो. बॅटरी ट्रेच्या खाली हात पोहोचला आणि मीटरची बीप तुटली. बाहेरून वायर अखंड होती. इन्सुलेशन कापलं तर आत तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन तारा कशाबशा टेकलेल्या. पुण्यात पार्किंगमध्ये उंदीरही हाच भाग कुरतडतात, त्यामुळे मी ट्रे उचलून बघतोच.

वायरचा तेवढा तुकडा बदलला, सोल्डर करून हीट श्रिंक चढवली. मालक घाटातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आले, कोड आला नाही. काढलेला जुना सोलेनॉइड त्यांच्या डिकीतच होता. मोजला. १४ ओहम, मॅन्युअलच्या मापात.