आउटबोर्ड गरम झालं की ऑइलचा अलार्म वाजायचा: माझा अनुभव

बोटीला फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून बसवलेलं इंजिन) आहे. लक्षण असं: अर्धा-पाऊण तास फुल थ्रॉटलवर (पूर्ण वेगाने) चालवून आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) आणलं की ऑइल प्रेशरचा अलार्म वाजायचा. थंड इंजिनावर कधीच नाही. डिपस्टिकवर पातळी बरोबर.

आधी प्रेशर सेन्सर बदलला, मग फिल्टर. फरक शून्य. दोन महिने डोकं पिकलं.

दोष ऑइलचाच होता. मी कारचं ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाड-पातळपणाचा ग्रेड) भरलं होतं. बोटीचं इंजिन तासन्‌तास चढ्या आरपीएमवर राबतं, त्यात ऑइल लवकर पातळ होतं आणि आयडलवर प्रेशर पडतं. शिवाय दमट हवेत गंजापासून जास्त संरक्षण लागतं. म्हणून डब्यावर एफसी-डब्ल्यू हे बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचं मानांकन हवं. (टीसी-डब्ल्यू३ टू-स्ट्रोकसाठी, ते इथे चालत नाही.) ग्रेड मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यावरून, माझ्या इंजिनाला उष्ण हवेसाठी २५डब्ल्यू-४० चालतं.

क्रम असा. इंजिन थंड राहावं म्हणून पाण्याची जोडणी करून ते दहा मिनिटं चालवलं. बंद करून सरळ उभं ठेवलं, तिरकं असेल तर जुनं ऑइल आत राहतं. ड्रेन प्लग काढून सगळं निथळू दिलं, प्लगला नवा वॉशर. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळला. सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरलं, पाणी सुरू ठेवून दोन मिनिटं चालवलं, गळती पाहिली. दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पाहत वरच्या खुणेपर्यंत आणलं, त्यापुढे थेंबही नाही.

त्यानंतर तीस तास झाले, अलार्म वाजलेला नाही.