निळा पडदा पुन्हा पुन्हा येतोय? आधी रॅम तपासा

विंडोज अचानक बंद पडून बिघाडाचा निळा पडदा आला की घाईघाईने विंडोज नव्याने टाकू नका. पडद्यावरच्या स्टॉप कोडचा, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणाऱ्या कोडचा, मोबाइलने फोटो काढा आणि संगणक चालू झाल्याबरोबर महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. कोड दर वेळी तोच येत असेल, तर नुकताच बदललेला ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच्या आवृत्तीवर न्या. माझ्याकडे मात्र दर वेळी वेगळा यायचा. अशा वेळी मला पहिला संशय रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्यांचा, येतो.

संगणक बंद करून वायर काढा, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून केसच्या धातूला हात लावा, मग एकच रॅमपट्टी ठेवून दिवसभर वापरा. दुसऱ्या दिवशी दुसरी. माझी एक पट्टी नीट बसलीच नव्हती, एका टोकाची खिट्टी अर्धवट उघडी होती. पट्टी दाबली, ‘टक्’ झालं, आणि निळा पडदा थांबला.