एका बोटात दोन नसा, तरी स्पर्श एकच कसा? घरी करून बघा

करंगळीच्या शेजारचं बोट घ्या, अंगठी घालतो ते. बहुतेक लोकांमध्ये या एका बोटात दोन वेगळ्या नसा येतात, अंगठ्याकडची अर्धी बाजू मीडियन नर्व्हची आणि करंगळीकडची अर्धी अल्नर नर्व्हची. मीडियन मनगटाच्या मधोमध असलेल्या अरुंद बोगद्यातून येते, अल्नर कोपराच्या मागून, म्हणजे कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती हीच. वाटा पूर्ण वेगळ्या, पण कप धरताना बोटाच्या मधे कुठे जोड आहे असं कधीच वाटत नाही. मला हे शरीरातलं सगळ्यात भारी काम वाटतं, आणि ते तपासायला फक्त थोडा कापूस, एक वाटाणा आणि मदतीला कोणीतरी माणूस लागतो.

आधी कापूस. तळवा वर करून हात टेबलावर सैल ठेवा, डोळे मिटा आणि समोरच्याला कापूस त्या बोटाच्या टोकावर अगदी हलका फिरवायला सांगा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या, मग आडवा. आडवा फिरवताना मधली रेष ओलांडल्याचं कळतंय का, एवढंच बघायचं. नसा ठीक असतील तर कळत नाही, कारण सिग्नल मज्जारज्जूतून वर जातो, मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतो, थॅलॅमसमधून (मेंदूच्या मध्यातलं सिग्नल पुढे पाठवणारं ठाणं) कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला पोचतो आणि तिथला नकाशा नसांप्रमाणे नाही तर शरीराप्रमाणे मांडलेला असतो. कॉर्टेक्समध्ये स्पर्श आधी पोचतो त्या पहिल्या भागात प्रत्येक बोटाची जागा बऱ्यापैकी वेगळी, पुढच्या भागांत मात्र एकच पेशी दोन-तीन बोटांना मिळून प्रतिसाद देते. 1988 साली छापून आलेल्या एका प्रयोगात माकडांची दोन बोटं शिवून जोडली होती, काही महिन्यांनी कॉर्टेक्समधली त्या दोन बोटांमधली स्पष्ट हद्दच गेली! म्हणजे जे सिग्नल कायम एकाच वेळी येतात त्यांना मेंदू एकत्र बांधतो, आणि तुमच्या बोटाच्या दोन्ही बाजूंना तर जन्मापासून बरोबरच स्पर्श होतोय.

आता वाटाणा. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर चढवा, दोन्ही टोकांच्या बेचक्यात वाटाणा ठेवा आणि डोळे मिटून हळूहळू गोल फिरवा, घाई केली तर मजा येत नाही. बऱ्याच जणांना दोन वाटाणे जाणवतात. या दोन बोटांच्या बाहेरच्या कडांना एरवी एकच छोटी वस्तू एकदम लागूच शकत नाही, त्यामुळे मेंदू बोटं नेहमीच्या जागी आहेत असं धरून हिशोब करतो. अ‍ॅरिस्टॉटलनेसुद्धा हे लिहून ठेवलंय.

वेळेचा हिशोब तर अजून अवघड. हॉस्पिटलमधल्या टेस्टमध्ये मनगटावर हलका करंट देतात तेव्हा सिग्नल कॉर्टेक्सला साधारण 20 मिलिसेकंदांत पोचतो, घोट्यावरून जवळपास 40 लागतात. तरी कोणी मनगट आणि घोटा एकाच क्षणी टोचला तर आपल्याला ते बरोबरच झालं असं वाटतं, एवढा फरक मेंदू सांभाळून घेतो.

आता कामाचं. कापसाच्या टेस्टमध्ये त्या बोटाची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर आणि करंगळीकडची ठीक वाटली, शिवाय अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री मुंग्या येऊन जागं करत असतील, तर मनगटात मीडियन नर्व्ह दाबली जात असण्याची शक्यता आहे. उलट बाजू आणि करंगळी बधिर असेल तर बहुतेक वेळा प्रश्न कोपराशी असतो. डॉक्टरांकडे जाताना नुसतं "हात बधिर होतो" सांगू नका, कुठल्या बोटाची कुठली कड ते पेनाने हातावरच खूण करून न्या, त्यांचं निम्मं काम होतं. पण अचानक अख्खी एक बाजू बधिर झाली, तोंड वाकडं झालं किंवा बोलताना जीभ अडखळली तर कापूस-बिपूस काही नको, त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा.